धोंडिराम आणि रद्दीतली खाडी

अंधेरीतल्या एका मोजणी कचेरीत ज्या कर्मचाऱ्याचं काय करावं हे कुणाला कळत नसे, त्याला रेकॉर्ड रूममध्ये पाठवत. धोंडिराम सोनकांबळेला पाठवलं त्याला सव्वीस वर्षं झाली. नांदेडकडचा हा शिपाई, वेळ जात नाही म्हणून जुने नकाशे वाचायला शिकला. कापडावर चिकटवलेले, हाताने रंगवलेले नकाशे. खाडी निळी, मिठागरं फिकट जांभळी, विहिरीला इवलासा गोल. फाटलेल्या कडा तो पातळ कागद लावून गव्हाच्या खळीने सांधी. कचेरीने या कामाची योग्य दखल घेतली: सरकारी वेळेत खळ शिजवल्याबद्दल त्याला लेखी समज मिळाली.

मग श्यामकांत साहेब आले आणि आधुनिकीकरण झालं. सगळे नकाशे स्कॅन झाले, पण काळ्या-पांढऱ्यात, कारण रंगाची तरतूद नव्हती. खाडी काळी, रस्ते काळे, मिठागरंही काळीच. साहेबांना त्यात एकसूत्रीपणा दिसला. मूळ नकाशे रद्दीत काढायचा आदेश निघाला. धोंडिरामने ‘वाचला’ म्हणून सही केली आणि नकाशे कपाटामागे सरकवले.

महिन्याभरात कोळीवाड्यातली अंजनाबाई आली. तिच्या वाड्याची मासळी सुकवायची जागा कागदावर ‘मोकळी, विनावापर’ झाली होती आणि ती सोडायची नोटीस आली होती. कारकुनाने कॉम्प्युटरवर काळा डाग दाखवला.

“बाई, इथे काही दिसत नाही. म्हणजे काही नव्हतंच.”

“मग आम्ही काय आभाळात बोंबील सुकवले?”

“मावशी, इकडे या,” धोंडिराम म्हणाला. त्याने मूळ नकाशा उलगडला. निळ्या खाडीला लागून पिवळा पट्टा, त्यावर बारीक खांबांच्या रांगा.

“अरे, ह्या तर आमच्या बोंबील टांगायच्या वलांडी!” अंजनाबाई खाली वाकली. “माझ्या आजेसासूच्या वेळच्या. कुणी काढल्या रे इतक्या निगुतीनं?”

नकाशाची प्रमाणित नक्कल सुनावणीत गेली आणि वाड्याची नोटीस रद्द झाली. धोंडिरामला मात्र नवी मिळाली: रद्दी नष्ट का केली नाही, याचा खुलासा करावा.

तेवढ्यात पेपरात ही बातमी वाचून अक्षता नावाची संशोधक आली. दोन दिवस ती भिंग लावून बसली. भराव पडण्याआधीचा हा किनारा दुसऱ्या कुठल्याच नकाशात तिने पाहिला नव्हता, आणि काढणाऱ्याचा हात तर चित्रकाराचा होता. एका रात्रीत रद्दीचा ‘वारसा’ झाला. धोंडिरामची नोटीस आपोआप हरवली.

मुलुंडला प्रदर्शन भरलं. “हा ठेवा मी जिवापाड जपला,” असं श्यामकांत साहेब माईकवर सांगत होते. जपणाऱ्याकडे चहाचं काम होतं. सजावटवाल्याने निळा रंग खाली शोभतो म्हणून नकाशा उलटा टांगला होता. उद्‌घाटनाला आलेल्या साऱ्या विद्वानांनी तो तसाच वाखाणला.

पहिल्या रांगेतून अंजनाबाई ओरडली, “धोंडिराम, माझा वाडा डोक्यावर कुणी उभा केला रे?”

भाषण थांबलं. धोंडिरामने चहाचा ट्रे साहेबांच्या हातात दिला, खुर्चीवर चढला आणि नकाशा सुलटा केला. मग अक्षताने त्याला तिथेच धरलं आणि वलांडी कुठल्या ते सगळ्यांना दाखवायला लावलं. तो अर्धा तास बोलला. साहेब ट्रे धरून उभे होते.