अर्ध्या तोंडाचा डेमो

त्या दिवशी माझी पोरगी शोभा एका ब्यूटी पार्लरच्या काचेच्या दारात अर्ध्या तोंडानं उभी होती. डावा गाल तिचा स्वतःचा, काळा. उजवा गाल क्रीम-पावडर थापून पांढराफटक केलेला. मधे नाकावरून सरळ रेघ. येणाऱ्या बायकांना दाखवायला. आणि दार उघडायला मी. तिचा बाप, गार्डच्या वर्दीत.

नोएडात तेव्हा सेक्टरा-सेक्टरात असली पार्लरं नवीनच उघडत होती. मालकिणीला सगळे मॅडम म्हणायचे. मॅडम गिऱ्हाइकांना सांगत होती, "देखिए, ये निखर सकती है तो आप तो पहले से ही साफ हैं."

एका बाईनं शोभाची हनुवटी धरून तोंड इकडं तिकडं फिरवलं. भाजीवाल्याकडं वांगं बघावं तसं. "चलो, बेचारी को कोई तो देखेगा अब," म्हणाली आणि हसली.

मी फौजेतून नायक म्हणून रिटायर होऊन इकडंच राहिलेला माणूस. शिक्षण चौथी. मॅडमला दारात फौजीच हवा होता, सॅल्यूट ठोकायला. गाडीतून उतरेल त्या बाईला मी कडक सॅल्यूट ठोकायचो. वाटायचं, इथं माझ्या सॅल्यूटला मान आहे. मान कसला. शोभेचं सामान.

शोभा तिथंच काम शिकली. हात चांगला होता तिचा. नवरीच्या मेकअपला बसवते, असं मॅडमनं कबूल केलेलं. मग फिरली. "ब्राइडल में फेस चाहिए. दुल्हन शीशे में तुम्हें देखेगी तो मूड खराब होगा." एक दिवस डेमोला उभी राहा, मग बघू, म्हणाली. पोरगी त्या कामासाठी उभी राहिली.

आमच्या गावात पाटलाचा ओटा होता. माझा बाप जन्मभर त्या ओट्याखाली उन्हात उभा राहिला. वर पाय ठेवायची आम्हाला मुभा नव्हती. मी फौजेत गेलो तो त्या ओट्याला पाठ करून. आणि दारात उभ्या-उभ्या मला कळलं, ओटा इथंही आहे. फक्त संगमरवरी आहे.

पुढची गाडी आली. मॅडम म्हणाली, "फौजी, सॅल्यूट."

मी टोपी काढली. काखेत धरली. फौजेत डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट होत नाही. हात खाली, सावधान उभा राहिलो.

"टोपी पहनो."

"नहीं पहनूँगा."

"पागल हो गए हो? कस्टमर खड़ी है."

"हाथ हैं उनको. दरवाजा खोल लेंगी."

"नाटक मत करो. तुम्हारी लड़की का भला ही कर रहे हैं."

"लड़की मेरे घर की है. तुम्हारे दुकान का बोर्ड नहीं."

शोभाला म्हणालो, "तोंड धू. निघू."

ती म्हणाली, "नाही बाबा. असंच चला. बिल्कुल असंच. लोकांना बघू दे यांचं काम."

बसमधे सगळे टकमक बघत होते. विचारेल त्याला ती पार्लरचं नाव सांगत होती. दोघांची नोकरी एकदमच गेली. घरी तिची आई रडली. आम्ही दोघं नाही रडलो.

आता म्हणे जमाना बदलला. त्याच नोएडात पार्लरांच्या काचांवर काळ्या पोरींचे मोठमोठे फोटो. हर रंग सुंदर, असं खाली लिहिलेलं. हे ठरवणारे तुम्ही कोण? तेव्हाही तुम्हीच ठरवत होता. शोभाला नवरीच्या मेकअपला शेवटपर्यंत कोणी बसवलं नाही. तिच्या डोक्याचे केस पिकले.

परवा असले फोटो लावणाऱ्या एका कंपनीचा माणूस घरी आला. शोभाच्या मुलीचा फोटो मागत होता. "अंकल, हमें ऐसी ही स्किन चाहिए."

मी विचारलं, "इसकी माँ को काम आता है. रखोगे?"

"अभी तो सिर्फ फोटो, अंकल."

नातीनं त्याच्या तोंडावर दार लावलं.

तेच माझं म्हणणं. आत काम द्या. कोणाला कुठं उभं करायचं हे जिथं ठरतं, तिथं आमची पोर बसवा. मग बोलू. तोवर आमचं तोंड तुमच्या काचेवर चढणार नाही. सुंदर म्हणूनसुद्धा नाही.