धाकट्याचा पळपुटा चोर

आठवडाभर चष्म्याच्या दुकानात काचा घासताना थोरल्याच्या तोंडून चार शब्द निघायची मारामार. पण रविवारी दुपारी त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत हा गडी राजा, दरोडेखोर, कजाग म्हातारी, सगळ्यांच्या आवाजात बोलायचा. टेबलाभोवती चौघे खेळाडू, खेळ गोष्टीचा. तो प्रसंग सांगणार, आपलं पात्र काय करतं ते ज्याचं त्यानं बोलायचं, मग फासे टाकायचे. नियम दोनच. दुसऱ्याच्या पात्राच्या वतीनं बोलायचं नाही, आणि एकदा बोललं ते झालं. वीस वर्षांत त्यानं कुणाला सूट दिली नव्हती, सख्ख्या धाकट्या भावालाही नाही. धाकट्याचं पात्र म्हणजे एक पळपुटा चोर. पळून पळूनच तो इतकी वर्षं जगला होता, आणि धाकट्याला त्याचा कोण अभिमान!

मग धाकट्याला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. उरला एकच शब्द, "हो". भूक लागली? हो. दुखतंय? हो. भावजयीनं बजावलं होतं, "भाऊजी, शब्दावर जाऊ नका. मान बघा. नको असलं की मान हलवतात."

थोरल्यानं हट्टानं त्याला पुन्हा टेबलाशी आणून बसवलं. "काय करतोस?" असं आता विचारता येईना. म्हणून तो विचारी, "दार फोडतोस?" "हो." "तलवार उपसतोस?" "हो." बघता बघता चोराचा शूरवीर झाला. बाकीचे वाहवा करत आणि थोरल्याला चेव येई.

त्या रविवारी तो डोळे मिटून सांगत होता. "शत्रू आला. सगळ्यांना पळू देऊन तू एकटा पुलावर थांबतोस?"

"हो!"

मग त्यानं चोराचं मरण सांगितलं, रंगवून रंगवून. इतकं सुंदर तो कधीच बोलला नव्हता. खेळाडूंतला एक, कंपाउंडर, तर चक्क रडला. थोरल्यानं डोळे उघडले तेव्हा धाकटा "हो, हो" करत जिवाच्या आकांतानं मान हलवत होता. कधीपासून, देव जाणे.

"हे धरायचं नाही," थोरला घाईघाईनं म्हणाला. "चोर जिवंत आहे."

ही पहिलीच सूट. धाकट्यानं डाव्या हातानं आपल्या पात्राचा कागद पालथा घातला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. थोरला घरी गेला तर भावजय दारातच म्हणाली, "तीनदा विचारलं त्यांना. तिन्ही वेळा मान हलवली. भाऊजी, तुम्ही त्यांना विचारत नव्हता, सांगत होतात."

थोरला खाटेच्या कडेला बसला. "मला माफ करशील?" त्यानं जमिनीकडे बघत विचारलं.

"हो," धाकटा म्हणाला.

वर बघायचा धीर थोरल्याला झाला नाही.