गिरणीची पाटी

जवळ बस म्हणावं तर तू लांब, फोनबी करत न्हाईस. आजीशी असं वागतात व्हय गं? आज शेजारच्या दाराला ऑइलपेंटचा वास आला आन् आमच्या पिठाच्या गिरणीची पाटी आठवली. हा सीमेवरचा मुलूख महाराष्ट्रात जावा म्हणून माझे सासरे जन्मभर मोर्च्यात चालले. त्यांचा नातू, तुझा बाप, मराठी पाटी कन्नडात रंगवायला निघाला, तर ते शिडीपुढं आडवे बसले. “अज्जा, गिऱ्हाईक कन्नड वाचतंय. तुमचा महाराष्ट्र कवा यायलाय?” “तू जल्मायच्या आधीपास्नं यायलाय की,” म्हणत ते हसले, उठले आन् डगमगती शिडी दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. रंगवून होईस्तोवर त्यांनी वर बघितलं न्हाई. आता मी त्यांच्या वयाची झाले. पोरांची मतं ऐकून घेते, वादाचं त्राण न्हाई. लवकर येऊन जा गं.