नीलूताईची टिकली

नीलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मीरा रोड स्टेशनबाहेर शेअर रिक्षात, ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा आत अर्धा बाहेर बसलो होतो. "बरं," एवढंच म्हणालो. ताई असती तर म्हणाली असती, "काय रे नाटक्या, संवाद विसरलास?" महिना उलटून गेलाय. आता कुठे संवाद आठवतायत...

ताई माझी थोरली मावसबहीण. कर्करोगाच्या पेशींना चिकटणारी इवलीशी प्रथिनं घडवणं, हा तिचा धंदा. एका साध्या प्रथिनात बारीकसारीक फरक करून त्याची असंख्य भावंडं बनवायची, ती पेशीवरच्या एका खुणेवर सोडायची आणि मग धुवत बसायचं. सैल धरणारी वाहून जातात, घट्ट धरणारी उरतात. प्रयोगशाळेतून घरी जाताना आमची बिल्डिंग वाटेत लागायची. ती वर यायची, टिकली काढून बेसिनच्या आरशाला लावायची, तोंड धुवायची, टिकली परत कपाळावर, आणि चहा. एकदा माझ्या आईने विचारलं, "तू नक्की करतेस तरी काय गं?" ताईने आरशाकडे बोट केलं. "मावशी, समज रोगट पेशीला कपाळ असतं. मी त्याच कपाळावर बसणारी टिकली करते. टिकलीला किरण सोडणारा कण जोडला, की रोग जिथे लपलाय तिथे स्कॅनमध्ये चमकतं. आणि एकदा ती तिथे बसते हे कळलं, की तिच्याच पाठीवर औषध पाठवता येतं."

"पण इतकी बारीक कशाला?"

"मोठी प्रथिनं लग्नाच्या पाहुण्यांसारखी, रक्तात दिवसेंदिवस रेंगाळतात. फोटो धूसर येतो. माझी टिकली काम झालं की किडनीतून निघून जाते."

"जेवूनसुद्धा जात नाही?" आई म्हणाली. ताई चहा सांडेपर्यंत हसली.

मग तिचाच, आधी बरा झालेला स्तनाचा कर्करोग उलटला, हाडांत उतरला. एका हॉस्पिटलात अशाच प्रथिनाची चाचणी चालू होती. ते तिने घडवलेलं नव्हतं, पण जातकुळी तीच. हाडांतल्या गाठी चमकल्या तर त्यावरचं नवं औषध तिला मिळणार, नाही चमकल्या तर नाही... हे मला ठाऊक होतं, आईला नव्हतं. स्कॅननंतर ताईने तिला फोनवर सांगितलं, "मावशी, किडन्या सोडून कुठेच काही चमकलं नाही गं."

हॉस्पिटलातून ताईला घेऊन मी जिना चढलो तर समोरच्या शबानाभाभी दारात हात पुसत उभ्या. "मुबारक हो नीलूबाजी, आंटी ने दो-दो पेढे खिलाए." आईने खालच्या दुकानातून पेढे मागवून अख्खा मजला गोड केला होता. सगळ्या खानदानात वाचाळ म्हणून गाजलेला मी, दारातल्या चपला नीट लावत बसलो. ताईने नेहमीसारखी टिकली आरशाला लावली, तोंड धुतलं, आईजवळ बसली आणि अख्खा पेढा सावकाश खाल्ला.

"पेढा छान आहे मावशी. आता ऐक. गाठी आहेत तिथेच आहेत. फक्त त्यांना आता ते कपाळ उरलेलं नाही, म्हणून टिकली बसली नाही."

आईचा हात डब्यावरच राहिला. "मग औषध?"

"ते नाही मिळणार." ताईने आईचा हात बाजूला करून दुसरा पेढा उचलला. "पण बघ, खोटं नाही बोललं ते प्रथिन. जागा नव्हती तर उगाच दुसरीकडे कुठे चिकटलं नाही. प्रथिनांना एवढं शिकवण्यात माझी सगळी नोकरी खर्ची पडली."

त्या दिवशी टिकली परत लावायची ती विसरली. पुन्हा तिला आमचा जिना चढवला नाही.

टिकली अजून आरशावर आहे. आई आरसा रोज पुसते, टिकलीभोवतीने. मी सकाळी दाढी करताना जरा गुडघे वाकवतो... ताई बुटकी होती, तिच्या उंचीला आलो की टिकली बरोबर माझ्या कपाळावर बसते. आतून आई विचारते, "झालं का रे?" मी म्हणतो, "थांब, बसतेय."