कोठाराखालचा बोगदा
ऊसतोडीला निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली दिसली, की मला तो बोगदा आठवतो. चौसाळ्यात मी आणि माझा मित्र आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर एकच गेम खेळायचो. त्यात बुटक्यांच्या दोन वस्त्या, एक त्याची, एक माझी. एका दुपारी पाहतो तर त्याच्या वस्तीतून थेट माझ्या कोठाराखाली बोगदा खणलेला. मी विचारलं, "कावून खणला बे?" तो नुसता हसला. हा माझं धान्य चोरणार, दुसरं काय! तो घरी गेल्यावर मी बोगद्यात नदीचं पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी आईबापासोबत तोडीला जाताना तो सांगून गेला, "काल घरी निघताना माझी समदी माणसं बोगद्यातून तुझ्याकडं धाडलीत. मी येईस्तोवर सांभाळ." मी मान हलवली. सहा महिन्यांनी तो परतला तेव्हा म्हटलं, कॉम्प्युटर बिघडला, सगळं उडालं. त्यानं लगेच खरं मानलं, आजही मानतो.