भिवराबाईचं काळं मटण

शेजारच्या भिवराबाईनं रांधलेलं डुकराचं मटण पहिल्यांदा बघितलं, तवा मी वरडलेच, "अगं बया, करपलं की समदं!" आता आठवलं की माझं मलाच हसू येतंय. ती म्हनली, "मावशी, हे काळंच असतंय. धने, जिरे, मिरं काळपट भाजायचे अन् वरून कुर्गाकडच्या रानफळाचा काळा आंबट रस घालायचा."

दुष्काळात आपला सहकारी साखर कारखाना बंद पडला, तवा ही वडार नवरा-बायकोची जोडी ऊसतोड सोडून कर्नाटकात कुर्गाला कॉफीच्या मळ्यावर गेलती. तिथं ती हे शिकली. परत आली, तर औंदा बी कारखाना बंदच. तिनं ठरवलं, अंगणात जेवण विकायचं. चाललं तर लेकरं इथल्याच शाळेत राहतील, न्हाई तर पुन्हा गाठोडं बांधायचं.

नवरा आश्रुबा अडून बसला. "आपल्या मानसाला लाल तर्री लागते. काळं कोन खाईल?"

"तिकडं बोटं चाटून कोन खात होतं?"

"तिकडची गोष्ट येगळी!"

शेवटी त्यानं स्वतःच वाडगाभर तर्री करून पंगतीत ठेवली.

रविवारी खडी फोडणारे भाऊबंद जेवायला आले. मी मटण खात न्हाई, पण वासाला कोन अडवतंय? बसले भिंतीला टेकून. बघता बघता पातेलं रिकामं झालं. जाताना लोक पैसं मोजून पुढच्या रविवारचं बी सांगून गेले. तर्रीला कुनी हात लावला न्हाई.

आश्रुबा म्हनला, "आज ऊन लई होतं, म्हनून तर्री नको म्हनले."

"असंल," भिवराबाई म्हनली. "मंग ऊन सरेस्तोवर काळंच करते. तुमी मिरं कुटा."

खलबत्ता घेऊन कुटायला बसला की!