न फुटलेली बाटली

दिगू गेला तेव्हा मी ओसाकाहून कोबेला परतत होतो. शुभावहिनींचा फोन वाजला, पण इथे गाडीत कोणी फोनवर बोलत नाही, म्हणून उतरल्यावर फलाटावरून लावला. "भावजी, हे सकाळी गेले," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता सहा आठवडे झाले. दिगंबर साठेबद्दल इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी आपुलकीने लिहिलं, पण प्रत्येकाच्या लिहिण्यात त्याच्या फुटलेल्या बिअरची गंमत आहेच. ती दुरुस्त करायला हे लिहितो आहे. बाटल्या त्याच्यामुळे फुटल्या नाहीत.

आम्ही दोघं एकाच कंपनीतून इथे आलो आणि इथेच म्हातारे झालो. निवृत्तीनंतर दिगूने घरी बिअर करायला घेतली. साधी नव्हे... कडक, हॉप्सच्या वाळक्या फुलांनी चांगली कडू झालेली, आणि मध घातलेली. जपानमध्ये घरी एवढी कडक काही करायला परवानगी नाही हे आम्हाला माहीत होतं. तेही लपवत नाही. त्याला पिण्याची फारशी हौस नव्हतीच. उकळताना फुलं कधी टाकली तर कडूपणा येतो आणि कधी टाकली तर नुसता वास, यातच तो रमायचा. आंबवायच्या बादलीला कान लावून बुडबुडे ऐकायचा, मलाही ऐकायला लावायचा.

बाटल्या भरायच्या दिवशी मी चव घेतली. "दिगू, हिच्यात मध कुठंय?"

"यीस्टने खाल्ला. ते साखर खातं तेव्हाच तर ही कडक होते. मागे राहतो तो वास."

"मिकानच्या, इथल्या संत्र्याच्या, फुलांचा एवढा चांगला मध, वासासाठी?"

"तू सरबत पी, विनू."

तो पुठ्ठ्यांचा गठ्ठा खाली कचऱ्याच्या जागी ठेवायला गेला. बाटल्या भरून झाल्या होत्या, बुचं लावायची होती. उरलेल्या मधातला एकेक चमचा मी अकरा बाटल्यांत घातला. बाराव्या बाटलीला मध पुरला नाही. फेसापुरती साखर त्याने आधीच मोजून घातली होती, हे मला माहीत होतं. बुच लावल्यावर जास्तीची साखरही यीस्ट खातं आणि वायू कोंडत जातो, हे मात्र माहीत नव्हतं. पिताना गोड लागली की सांगू, असा विचार होता...

दहाव्या दिवशी, दिगूकडे सकाळचे पोहे खाताना, त्याच्या कपाटात पहिली बाटली फुटली. मग एकामागून एक. बिअर खालच्या मजल्यावरच्या आजींच्या छतातून झिरपली. इथल्या रीतीप्रमाणे दिगू मिठाईचा खोका घेऊन माफी मागायला गेला आणि त्यांच्या दारात कमरेतून वाकला. त्याच्या मागे मीही वाकलो. जिना चढताना म्हणाला, "तू कशाला आलास रे? चूक माझी." मी पुढे होऊन दार उघडलं.

एकच बाटली शाबूत होती. हिचीच काच जाड का? ही कडेला गारव्यात होती म्हणून? त्याला काही केल्या उलगडेना. आठवड्याने आम्ही ती उघडली. एक घोट घेऊन तो माझ्याकडे बघत राहिला. "कशी आहे?"

"ठीक आहे. आता हा नाद सोड."

त्याने पुन्हा केली असती आणि ती फुटली नसती, तर मी सापडलो असतो. त्याने नाद सोडला. आपला हात आता भरवशाचा राहिला नाही, असं त्याने ठरवून टाकलं. मंडळात कोणी "साठेसान, आज बॉम्ब नाही आणला?" म्हणालं की तो हसायचा. स्टेशनकडे चालताना मात्र मला विचारायचा, "पण ती एक का राहिली असेल रे?"

मागच्या शनिवारी वहिनींना सगळं सांगितलं. त्या उठल्या. मग आत जाऊन दिगूची बिअरच्या नोंदींची वही घेऊन आल्या.

"चमचा चहाचा की जेवणाचा?"

रागवायच्या आधी माप विचारायचं, ही दिगूची सवय वहिनींनाही लागली होती. "चहाचा," मी म्हणालो.

"काठोकाठ?"

"काठोकाठ."

"म्हणजे ती एकच त्यांच्या हातची होती. खरंच कशी होती, भावजी?"

आधी कडू, जीभ आवळून धरणारी. गिळल्यावर मिकानच्या फुलांचा वास हळूच नाकात आला, आणि ग्लास धुतला तरी गेला नाही... इतकी चांगली बिअर मी आजवर प्यालो नाही.

"थांबा. हळू सांगा," वहिनी म्हणाल्या. वहीच्या शेवटच्या पानावर दिगूच्या अक्षरात एवढंच होतं: एक शाबूत. कारण? त्याखाली त्यांनी लिहायला घेतलं.